राहून गेलेली साक्ष

माझ्या धाकट्या भावाला आमच्या वाडीसमोर डंपरनं उडवलं, तेव्हा आई फाटकाशी उभी होती. मी घरात होते. तिची किंकाळी ऐकून धावले, तोवर डंपर वळणाआड गेला होता आणि भाऊ जागीच संपला होता. पुढे डंपर सापडला, पण चालक म्हणाला, त्या दिवशी गाडीवर मी नव्हतोच. त्याचा चेहरा पाहिलेली एकटी आई.

"शंभरात ओळखीन मी त्याला," ती म्हणायची.

तालुक्याच्या कोर्टात तारीख लागली की आम्ही दोघी सकाळच्या एसटीनं मुरुडला जायचो. बसमध्ये ती पुटपुटत राहायची, "खरं सांगेन, खोटं सांगणार नाही." कधी साहेब रजेवर, कधी आरोपीचा वकील गैरहजर. तीन वर्षं अशीच गेली. चौथ्या वर्षी तिला ताप आला आणि पाच दिवसांत ती गेली.

मग माझी साक्ष निघाली. कोर्टाच्या व्हरांड्यात मामानं सरकारी वकिलांना विचारलं, "ताईचा जबाब पोलिसांनी लिहून घेतलाय ना?"

"तो पुरावा होत नाही, काका. शपथेवर सांगायला माणूसच हवा."

मामानं मला बाजूला घेतलं. "मग तू सांग, मीच बघितलं म्हणून. तुझ्या आईचा शब्द खोटा हाय का?"

खोटा नव्हताच. मी पिंजऱ्यात उभी राहिले, शपथ घेतली. चालकाबद्दल विचारल्यावर म्हणाले, "आईनं मला सांगितलं होतं की..."

समोरचा वकील उठला. "ही ऐकीव माहिती आहे, साहेब."

साहेबांनी चष्मा काढला. आवाज मऊ होता त्यांचा. "बाई, चालकाला तुम्ही स्वतः पाहिलंत का?"

तो समोरच होता, मान खाली घालून. भुवईवर जुनी खूण, आई सांगायची अगदी तशी. एक 'हो' म्हटलं असतं तर! माझे ओठ हललेसुद्धा. पण आईची ती बसमधली पुटपुट कानात होती.

"नाही," मी म्हणाले.

काही महिन्यांनी निकाल लागला. संशयाचा फायदा देऊन त्याला सोडलं. कागदावर लिहिलं होतं, प्रत्यक्षदर्शी साक्षीदार तपासता आला नाही. माझ्या आईबद्दल तेवढं एकच वाक्य.

परतीच्या बसमध्ये मामा माझ्याशेजारी बसला नाही. पुढच्या सीटवर खिडकीकडे तोंड करून रडत राहिला. त्याच्या खांद्यावर हात ठेवायचा धीर मला झाला नाही.