मेश्रामांची शनिवारची यादी

अन्वी, रोहन,

मागच्या महिन्यात फोनवर, अन्वी, तू म्हणाली होतीस, "आजी, आमच्या सॉफ्टवेअरच्या टीममध्ये रोज सकाळी सगळे उभे राहून पंधरा मिनिटं बोलतात, आणि मग ते बोलणं फॉर्ममध्ये भरायला पाऊण तास जातो." तू हसलीस म्हणून मीही हसले. आठच दिवसांनी वसंत मेश्राम गेल्याचं कळलं. त्यांच्या शोकसभेत जे ऐकलं त्याची शिसारी तीन आठवडे झाले तरी जात नाही. म्हणून लिहिते आहे.

ऐंशीच्या दशकात मी शहराबाहेरच्या वाडी गावात एका ट्रान्सपोर्ट कंपनीत प्रोग्रॅमर होते. मेश्राम माझे सहकारी. कंपनीने पहिला कॉम्प्युटर घेतला होता आणि कोणता माल गोदामात कुठे ठेवला आहे हे सांगणारा प्रोग्रॅम आम्ही दोघांनी लिहायचा होता. मॅनेजरसाहेबांच्या मते आधी सगळं कागदावर मंजूर करून घ्यायचं, वर्षभर लिहायचं आणि मग एकदम दाखवायचं. मला ते पटत होतं. मेश्रामांनी मात्र दुसऱ्याच आठवड्यात बिल्टीच्या, म्हणजे मालाच्या पावतीच्या, नंबराप्रमाणे अर्धवट यादी छापली आणि शनिवारी मला घेऊन गोदामात गेले. तिथे बसायला जागा नव्हती. वजनकाट्याभोवती हमाल, त्यांचे मुकादम लक्ष्मण आणि आम्ही दोघं उभेच होतो.

"काय गा मुकादम, जमते का यादी?" मेश्रामांनी विचारलं.

"बिल्टीचा नंबर पाहून मी काय करू? गिऱ्हाईक येते ते गाव सांगते. सावनेरचा माल कोणत्या थप्पीत हाय, ते लिवा."

"मंग हे आधी काहून नाही सांगितलं?"

"तुमी आधी इचारलं कुठी?"

हमाल हसले, सगळ्यांत जास्त मेश्राम हसले. पुढच्या शनिवारी यादी गावांप्रमाणे लागली. त्याच्या पुढच्या शनिवारी आणखी काही बदललं... तीन महिन्यांत काट्याशेजारच्या खिळ्याला टांगलेल्या त्या यादीवर गोदाम चालू लागलं.

दुर्दैव असं की मॅनेजरसाहेबांना ही पद्धत आवडली. परिपत्रक निघालं : दर शनिवारी सर्व विभागांची उभ्याची मीटिंग, पहिल्या मजल्यावरच्या हॉलमध्ये. काय झालं, काय होणार, अडचण काय, सही, असे रकाने असलेलं रजिस्टर ठेवायचं. ते रकाने मी आखले, पट्टीने, इंग्रजी मथळे देऊन, आणि मला त्यांचा अभिमान वाटला. मुकादमांना बोलावणं नव्हतं. मेश्रामांनी विचारलं तेव्हा साहेब म्हणाले, "हमाल हॉलमध्ये आणायचे? खुर्च्या तरी पुरतील का?"

"उभ्याची मीटिंग आहे ना साहेब, खुर्च्या कशाला लागतात?"

कोणी हसलं नाही. हॉलमध्ये खरोखरच खुर्च्या मांडलेल्या होत्या.

अडचण लिहिणाऱ्याला संध्याकाळी केबिनमध्ये बोलावणं यायचं, म्हणून सगळे 'नाही' लिहीत. मेश्राम दर शनिवारी एकच ओळ लिहायचे : मुकादमांना विचारलेलं नाही. चौथ्या वेळी साहेबांनी मला ती पानं स्वच्छ अक्षरात उतरवायला सांगितली, ती ओळ वगळून. मी पानं उतरवली, बाकी सगळ्यांच्या नव्याने सह्या घेतल्या. मेश्रामांनी सही केली नाही. जुनी पानं मी फाडून टाकली.

मग हॉलमध्ये कुणीतरी सुचवलं की यादी बिल्टीच्या नंबराप्रमाणे लावा, वर पाठवायला नीट दिसते. नाही म्हणणारा तिथे कोणी नव्हता. मेश्रामांचं म्हणणं ऐकून घेणं तोवर सगळ्यांनी बंद केलं होतं. पेरणीच्या तोंडावर सावनेरच्या दुकानदाराची सरकीच्या बियाण्याची पोती आली. बिल्टी पोस्टात अडकलेली, नंबर त्याला ठाऊक नाही. नंबराशिवाय यादी काही सांगेना, आणि यादी पाहिल्याशिवाय थप्पीला हात लावायचा नाही असा मुकादमांना हुकूम होता. तो माणूस तीनदा येऊन रिकाम्या हाताने परतला. पोती साबणाच्या खोक्यांमागे सापडली तेव्हा पेरण्या आटोपल्या होत्या.

ठपका मुकादमांवर आला. चौकशीत रजिस्टर उघडलं गेलं. अडचण : नाही, नाही, नाही. माझ्या सुरेख अक्षरात. मेश्रामांनी जुनी पानं मागितली आणि मी समोरचं रजिस्टर मिटलं. मुकादमांना काढलं. पुढच्या आठवड्यात मेश्रामांनी राजीनामा दिला. जाताना एवढंच म्हणाले, "मॅडम, तुमचं अक्षर फार चांगलं आहे."

त्यानंतर त्यांनी शहरातल्या महाल भागात मुलांना कॉम्प्युटर शिकवला. रस्त्यात भेटले की माझी चौकशी करायचे. तो विषय त्यांनी पुन्हा कधी काढला नाही. मीही काढला नाही, याची मला आज किळस येते.

शोकसभेत ते मॅनेजरसाहेब, आता पार थकलेले, म्हणाले, "आज जग जे करतं ते आम्ही वाडीत तेव्हाच सुरू केलं. रजिस्टरसकट." शोकसभा असून टाळ्या पडल्या. मुकादमांचं नाव कोणी घेतलं नाही. मी खुर्चीत बसून राहिले, पुन्हा एकदा.

नंतर मेश्रामांच्या घरी गेले. त्यांच्या खोलीत दाराआड खिळ्याला एक यादी टांगलेली आहे. कडेला भोकांच्या पट्ट्या असलेला रुंद कागद, कोपरे हमालांच्या बोटांनी काळे झालेले, सावनेरच्या ओळींपुढे मुकादमांनी पेन्सिलीने मारलेल्या खुणा. वहिनी म्हणाल्या, "पाहिजे असेल तर न्या." मी आणली नाही. शाई उडाली आहे, पण गावांची नावं अजून वाचता येतात.