सुकाणूचा हात

विमान शिकायला येणाऱ्याला मी आधी विचारतो, "घरी कुणाचा मार खाल्लास?" समोरचा हसतो. मी हसत नाही.

मला बापाने मारलं. तो सातपाटीचा तांडेल, होडी त्याच्या हुकमावर चालायची. सुकाणूचा दांडा उजवीकडे ढकलला की होडी डावीकडे वळते, एवढंच शिकायचं होतं. ते त्याने गाठ मारलेल्या ओल्या दोराने माझ्या पाठीवर शिकवलं. हात चुकला की दोर. बाराव्या वर्षी माझा हात झोपेतही चुकत नव्हता.

ऐंशीच्या दशकात मी हट्टाने मुंबईच्या एका क्लबात विमान शिकायला गेलो. परवाना नाही मिळाला तर परत तीच होडी आणि तोच बाप, ही भीती मला उंचीपेक्षा मोठी होती.

विमानातला दांडा होडीच्या उलट. ज्या बाजूला ढकलाल त्याच बाजूला विमान कलतं. शांत डोक्याने मला हे पक्कं ठाऊक होतं, पण दचकलो की हात होडीवर जायचा. शिकवणारे सर फौजेतून निवृत्त झालेले. चुकलं की लाकडी रूळ बोटांवर. आणि रूळ बसला की हात आणखीच चुकायचा, कारण मार आणि सुकाणू माझ्या अंगात एकदमच शिरले होते. तेव्हा हे आम्हा दोघांनाही कळलं नाही.

एका दुपारी आम्ही किनाऱ्याने उत्तरेला निघालो. खाली सातपाटीत बोंबील वाळत होते. तारापूरच्या अणुकेंद्रावर जायला बंदी, म्हणून त्याच्या बरंच अलीकडे समुद्राकडे, म्हणजे डावीकडे वळायचं होतं. "वळव," सर म्हणाले. तेवढ्यात वाऱ्याने डावा पंख उचलला. मी दचकलो आणि दांडा उजवीकडे दाबला.

रूळ बसला. मी आणखी दाबला. पुन्हा रूळ, पुन्हा, कातडी सोलवटली. ते एका हाताने मारत होते, दुसऱ्याने आपल्यापुढचा दांडा डावीकडे ओढत होते. उजव्या खिडकीत आभाळ उरलं नाही, नुसती शेतं वर येत होती. मी कोपर उचललं आणि त्यांच्या नाकावर हाणलं. हाड मोडल्याचा आवाज आला. रक्त काचेवर उडालं. रूळ पडला, मार थांबला आणि माझा हात आपोआप डावीकडे गेला. विमान सरळ झालं.

उतरल्यावर त्यांनी मला हाकललं. घरी येऊन बापाला सगळं सांगितलं. तो जाळं विणत होता, खुशीत हसला.

"हात नाय चुकला तुजा. तो माजाच हात हाय. विमानच उलटं हाय त्यांचं!"

मी त्याच्या थोबाडीत मारली. म्हातारा जाळ्यात कोसळला, ओठ फुटला. मला वाईट वाटायला हवं होतं. वाटलं नाही, बरं वाटलं. त्याचीच आजवर लाज वाटते.

पुढे दुसऱ्या क्लबात परवाना मिळवला, आता शिकवतो. शिकणाऱ्याला सांगतो, शिकवणाऱ्याने हात उगारला तर विमान खाली उतरव आणि परत त्याच्याबरोबर चढू नकोस, मग तो मी असलो तरी. शिकणारा चुकला की मी दोन्ही हात मांडीखाली दाबून बसतो. उजवा अजून शिवशिवतो.