कर्णा ऐकला त्या सकाळी

जुन्नरच्या बाजारपेठेत माझं कॅसेट भरून देण्याचं दुकान होतं. गिऱ्हाईक गाणी सांगायचं, मी ती कोऱ्या कॅसेटवर भरून द्यायचो. रविवारी मात्र शटर खाली. आम्ही पाचजण मोटरसायकलींवर शिनोलीच्या पुढं, भीमाशंकरकडच्या रानात पक्षी पाहायला जायचो. ज्याला नवा पक्षी सापडेल त्यानं परतताना घोडेगावात सगळ्यांना मिसळ द्यायची, असा रिवाज होता.

बहुतेकदा मिसळ मास्तरच द्यायचे. पिंपळवंडीच्या या गृहस्थांनी शाळेत विज्ञान शिकवण्यात हयात घालवली. दुर्बीण माझी भारी, पण पक्षी आधी त्यांना कळायचा. मला म्हणायचे, "तुमी नुसतं बघता राव, ऐकत न्हाई." चेष्टाच ती, पण मला लागायची.

नव्वदीच्या दशकात एका मुंबईकर गिऱ्हाइकानं पक्ष्यांच्या आवाजांची कॅसेट आणली. तीत कर्णा होता. लाल पोटाचा, दाट झाडीत न हलता बसणारा पक्षी. आमच्या रानात तो असावा असं म्हणत, पण आमच्यापैकी कुणी पाहिलेला नव्हता. त्याची एकच शीळ मी वेगळ्या कॅसेटवर भरून घेतली. पुढं पट्टी कोरी. रविवारी टेपरेकॉर्डर पिशवीत घातला, पोट बिघडल्याचं सांगून मागं राहिलो आणि करवंदीच्या जाळीआडून बटण दाबलं.

मास्तर थबकले. मग माझ्याकडं पाठ करून घळीकडं वळले आणि कितीतरी वेळ तसेच उभे राहिले. आवाज कुठून आला हेही यांना कळेना, म्हणून मी पिशवीत तोंड खुपसून हसू दाबत होतो.

मिसळ खाताना सांगून टाकायचं ठरवलं होतं. पण कर्णा ऐकला म्हणून त्या दिवशीची मिसळ मास्तरांची होती, आणि ते सगळ्यांना आग्रहानं पाव वाढत होते. मी खाल्लं आणि गप्प राहिलो.

मास्तरांनी पुण्याच्या जाणकारांना कळवलं. ते आले, रान पालथं घातलं, काही मिळालं नाही. "तुम्ही पाहिलात का?" त्यांनी विचारलं. "ऐकला," मास्तर म्हणाले. आमच्यातलाच एक, जुन्नरचा औषधवाला, पटकन बोलला, "कर्णाच व्हता ना मास्तर? का शिनोलीत लगीन व्हतं?" आमच्याकडं लग्नातल्या भोंग्यालाही कर्णाच म्हणतात. सगळे हसले. मी सर्वांत मोठ्यानं हसलो, कारण त्याचं बोलणं खऱ्याच्या फार जवळ गेलं होतं.

त्यानंतर मास्तरांनी काही सांगितलं की कुणीतरी लग्नाचं विचारायचं. ते एकटेच त्या घळीत जाऊ लागले, मग तेही बंद झालं.

सीडी आल्या, मोबाइल आले, मी दुकान बंद केलं. त्या सुमारास पिंपळवंडीला गेलो. मास्तरांना आता कमी ऐकू येत होतं. जे कानात सांगायचं ते मला ओरडून सांगावं लागलं. चहा आणणारी सून दारातच थांबली.

मास्तरांनी सगळं ऐकून घेतलं, सुनेच्या हातून चहा घेतला. मग विचारलं, "तुमचा कंचा? जाळीतला?"

"म्हणजे?"

"दोन व्हते. एक मागनं, जाळीतनं. लगेच दुसरा घळीच्या पल्याड. मी त्याच्याकडंच वळलो व्हतो. तुमी ऐकला आसंल ना तो?"

मी नाही म्हणालो.

"मला वाटायचं, तुमी तरी ऐकला आसंल." त्यांनी चहाची बशी खाली ठेवली. "आता बाकीच्यांना सांगा."

बाकी दोघे तोवर राहिले नव्हते. औषधवाल्याला जाऊन माझ्या टेपचं आणि पल्याडच्या दुसऱ्या शिळेचं सगळं सांगितलं. तो म्हणाला, "जाऊ द्या भाऊ, मास्तरांचं मन राखायला कशाला खोटं बोलता?"

म्हणून लिहून ठेवतो. जाळीतली शीळ माझ्या टेपची होती. पट्टीवर दुसरी नव्हतीच. मास्तर ज्या बाजूला वळले त्या बाजूला माझा टेप नव्हता, हे मी त्या सकाळी डोळ्यांनी पाहिलं होतं.