रांगेतला उपवास

राजूरच्या गणपतीच्या रांगेत एका भजी खाणाऱ्याने मला फसवले. जालन्याच्या मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, भल्याभल्या दलालांना घाम फोडणारा मी, आणि नावही न सांगता एक म्हातारा मला गुंडाळून गेला.

संकष्टी होती. सकाळपासून मी उपाशी उभा होतो. दुपारच्या नैवेद्याला पडदा पडायच्या आत दर्शन व्हावे, एवढीच इच्छा होती. माझ्या मागे हा गृहस्थ पुडीतली गरम भजी खात होता आणि प्रत्येक भज्यानंतर बोटे रुमालाला नीट पुसत होता.

"चतुर्थीला भजी? लाज न्हाई वाटत?" मी खेकसलो.

"शेठ, उपवास हा संस्कृतातला शब्द. उप म्हंजे जवळ, वास म्हंजे राहणं. देवाजवळ राहायचं. त्यात उपाशी मरायचं कुठं लिहिलंय?"

"मंग खातच राहणार का?"

"जवळ गेल्यावर कशाला खाईन? तुमच्या मागं हाय तोवर मी लांबच ना! म्हणून खाऊन राह्यलो. पुढं घ्या, बिलकुल बंद करतो."

गाभाऱ्याच्या दारात आता माझाच नंबर होता, पण भज्यांच्या वासाने माझा जीव कासावीस झाला होता. एका जागेच्या बदल्यात सुटका होते, म्हणजे सौदा स्वस्तात पडला, असे समजून मी त्याला पुढे घेतले. त्याने पुडी खिशात ठेवली, हात जोडले आणि तो आत गेला. लगेच माझ्या तोंडावर पडदा पडला.

भजी खाल्लेला माणूस आत देवाजवळ आणि मी बाहेर उपाशी. आमच्यातला खरा उपवास कोणाला घडला, याचा जबाब आता गणपतीनेच द्यावा.