अक्कांच्या भिंतीवरची रायफल

ही गोष्ट माझ्या बायकोलाही ठाऊक नाही. माझ्या बाकीच्या सगळ्या खोडी तिला तोंडपाठ आहेत—ही सोडून. सात वर्षं झाली. तुम्हालाच का सांगतोय? तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून असेल.

जळगावात माझं पंपांच्या मोटारी रिवाइंड करायचं दुकान आहे, आणि नाद आहे जुन्या फौजी रायफलींचा. दचकू नका, चालणाऱ्या नव्हेत, कवायतीच्या. पूर्वी शाळांमध्ये कवायत शिकवायला अशा रायफली असायच्या. नळीला आरपार भोक पाडून त्या कायमच्या निकामी केलेल्या. एखादी हाती लागली की मी तिचा गंज उतरवतो, लाकडी दस्ता घासतो, त्यात जवसाचं तेल मुरवतो. एकेकीवर दोन-दोन महिने बसतो. मात्र ‘ही निकामी आहे, घरी ठेवायला हरकत नाही’ असा सरकारी कागद सोबत नसेल, तर हातही लावत नाही. नियमाचा मी फार पक्का—असं मी चारचौघांत सांगतो.

एकदा शिंदखेड्याकडचा एक शेतकरी पंपाची मोटार घेऊन दुकानात आला. भिंतीवरच्या रायफली बघून म्हणाला, आमच्या गावात अक्कांकडे अश्शीच आहे, दर दसऱ्याला पूजा करतात तिची. झालं. माझं कामातलं लक्षच उडालं. पुढच्याच रविवारी धुळ्यावरून शिंदखेडा गाठलं आणि विचारत विचारत अक्कांच्या दारात उभा राहिलो.

अक्का सत्तरीच्या, घरात एकट्या. नवरा फौजेतून हवालदार होऊन परतलेला, मग शाळेत कवायत शिकवायचा. शाळेनं रायफली मोडीत काढल्या तेव्हा एक त्याला मिळाली, कागदासकट. तो गेल्यावर अक्कांनी ती त्याच्या फोटोखाली टांगली. वर्दीतला फोटो. दुसरा कुठलाच नव्हता, लग्नातलासुद्धा नाही. दसऱ्याला फोटोला आणि रायफलीला झेंडूचा एकेक हार, दस्त्याला हळदकुंकू.

मी विचारलं, देता का? अक्का नवऱ्याच्या फोटोकडे बघून हसल्या. “त्यासनी शे ती. कशी देऊ, भाऊ?”

मग कौतुकानं त्यांनी पत्र्याच्या पेटीतून तो कागद काढला. इंग्रजीतला. त्यांना वाचता येत नव्हतं. “काय लिखेल शे, वाची सांगा ना,” म्हणाल्या.

मी वाचला. सगळं स्वच्छ लिहिलेलं होतं—निकामी आहे, खुशाल ठेवा. आणि मी काय म्हणालो? “अक्का, ह्याची मुदत संपलीय. असलं फौजी सामान घरात सापडलं तर पोलीस उचलून नेतात.”

कुठून आलं हे माझ्या तोंडात? मुदत हा शब्दसुद्धा त्या कागदात नव्हता. मी काही ठरवून गेलो नव्हतो. पण आवाज अडखळलासुद्धा नाही माझा. अक्कांचा चेहरा पांढराफटक पडला. त्यांनीच स्टुलावर चढून रायफल उतरवली, शेवटचं कुंकू लावलं, आपल्या जुन्या पातळात गुंडाळून माझ्या हातात दिली. कागद मी खिशात घातला. मी नेतोय म्हणून त्या हात जोडून उभ्या होत्या.

घरी आणून कामाला लागलो. दस्त्यावर लालसर डाग होते, लाकडाच्या रेषांत पार आत गेलेले. स्पिरिटनं पुसले, पॉलिश पेपरनं घासले, तरी जाईनात. मी वैतागून म्हणत होतो, किती मळ साचू दिलाय! इतक्या वर्षांच्या दसऱ्यांचं कुंकू होतं ते. आठ दिवसांत सगळं काढलं. दस्ता नव्यासारखा झाला, माझी मान ताठ झाली.

पण खांद्याचा पट्टा नव्हता. पट्ट्याशिवाय रायफल अपुरी दिसते. म्हणून—हो, एवढ्यासाठी—मी दोन महिन्यांनी पुन्हा गेलो.

भिंतीवर नुसते दोन खिळे—एक फोटोचा, एक रायफलीचा. मी विचारलं, फोटो कुठंय?

“तुम्हीच सांगं ना भाऊ, फौजी सामान घरमा नको. मंग बठ्ठं चुल्हामा घालं. वर्दी, पट्टा. फोटोबी.”

“फोटो कशाला जाळला, अक्का?”

“वर्दीमा व्हतात ना ते.”

मी खाली बसलो. एका वाक्याचं एवढं होतं? तेव्हाच सांगायचं होतं—अक्का, मी खोटं बोललो. तोंड उघडलंही होतं. तेवढ्यात त्या म्हणाल्या, “तुम्ही देवसारखा धावी उनात, भाऊ,” आणि चहाचा कप पुढं केला. मी तो चहा प्यालो. सगळा प्यालो.

अजून संपलं नाही. हात लावण्याआधी रायफल जिथं जशी असेल तिथं तिचा फोटो काढायचा, ही माझी पद्धत. नंतरच्या फोटोशेजारी ठेवला की फरक दिसतो. अक्कांच्या घरी, रायफल मागायच्याही आधी, मी तो काढला होता. परतताना धुळ्याच्या स्टँडवर बसून फोनमध्ये पाहिला. रायफलीच्या वर हवालदार. टोपी किंचित तिरकी, मिशा, डोळे सरळ माझ्याकडे. अगदी स्पष्ट. ह्या माणसाचा चेहरा आता जगात फक्त माझ्या फोनमध्ये आहे. नादिष्ट मंडळींच्या ग्रुपवर तो फोटो मी महिन्याभरापूर्वीच टाकला होता—वरचा माणूस कापून. खूप वाहवा मिळाली होती.

छापून नेऊन द्यायला कितीसा वेळ लागतो? पण अक्का विचारतील, हा ठेवला तर पोलीस नाही ना येणार? मग मला खरं सांगावं लागेल. त्याची मला भीती वाटते. सात वर्षं वाटतेय. दोनदा फोन बदलला. दोन्ही वेळा आधी तोच फोटो उघडून पाहिला, नव्या फोनमध्ये आलाय की नाही.

परवा तो शेतकरी पुन्हा दुकानात आला होता. मी न विचारताच सांगत होता, अक्का बऱ्या आहेत, दसऱ्याला अजून दोन हार करतात आणि भिंतीवरच्या दोन खिळ्यांना घालतात. म्हातारीचं डोकं फिरलं असं गाव म्हणतं.

मी मान हलवली आणि त्याची मोटार उघडायला घेतली. फोन खिशातच होता.