रोलरवरचा मारुती

मी तेव्हा तिशीच्या अलीकडे होतो, जळगावात मेहरूणच्या बाजूला माझं पत्र्याचं वर्कशॉप होतं, आणि मला सगळं येतं असा माझा समज होता. आयटीआय केलेलं, वर सुरतेला दोन वर्षं हायड्रॉलिकच्या कामावर काढलेली. कुणी मशीनबद्दल बोलायला लागलं की त्याचं वाक्य मीच पूर्ण करायचो. बायको म्हणायची, तुमचे कान फक्त चष्मा अडकवायला आहेत. तेव्हा मला चष्माही नव्हता.

नव्वदीची सुरुवात असेल. दिवाळी होऊन गेली होती, थंडी पडली होती. धुळ्याच्या एका ठेकेदाराचा निरोप आला की अमळनेरच्या पुढे एका खेड्याच्या रस्त्यावर रोलर बंद पडलाय, या. या ठेकेदाराला सगळे शेठ म्हणत. रोलर दोन ड्रमचा, वर बसून चालवायचा, परदेशी बनावटीचा, आणि शेठकडे यायच्या आधी दोन-तीन मालकांकडे राबून आलेला. त्याचं सगळं चालणं-वळणं तेलाच्या दाबावर आणि ड्रमची थरथर विजेच्या स्विचवर. म्हणजे बिघडायचं ठरवलं तर त्याला दोन्हीकडून वाव होता.

बुधवारी सकाळी एसटीतून उतरलो. रोलर चालवणारे नाना रस्त्याच्या कडेला उभेच होते. साठीला टेकलेले, डोक्याला उपरणं, आणि रोलर असा लख्ख पिवळा की डोळे दिपावेत. दसऱ्याला, काम दिवाळीपर्यंत थांबलं तेव्हा, त्यांनी स्वतःच्या हातानं रंगवला होता. खुर्चीच्या मागे तेलाच्या टाकीवर कुत्र्याच्या छत्रीएवढा एक गोल उंचवटा होता, तेवढा मात्र शेंदरी. तो नानांचा मारुती. दर शनिवारी त्याला शेंदूर, वर रुईची माळ. नाना आधी त्याच्या पाया पडायचे, मग किल्ली फिरवायचे. मीही पान्याला हात लावण्याआधी पाया पडलो. देवाशी आपलं कशाला वाकडं?

किल्ली फिरवली. टक. पुन्हा टक. बॅटरी चांगली, सेल्फ चांगला. मी बॅटरीच्या उणे टोकापासून इंजिनाच्या अंगाला एक जाड वायर धरली, तसं इंजिन झटक्यात सुरू झालं. म्हणजे अर्थिंग मिळत नव्हतं. खाली वाकून पाहतो तर बॅटरीची पट्टी सांगाड्याला जिथे कसलेली असते, तिथे पट्टीच्या खालीसुद्धा पिवळा रंग. नानांनी नट काढून, पट्टी उचलून, खाली दोन हात देऊन, वाळू देऊन पुन्हा कसली होती. इतकं मनापासून कुणी रंगवतं का? मी पॉलिश पेपरनं तेवढी जागा घासून लोखंड उघडं केलं. सेल्फ लागला, दिवे लागले, ड्रम थरथरायला लागला. अर्ध्या तासात काम. रस्त्यावर खडी पसरणाऱ्या बाया काम थांबवून बघत होत्या, म्हणून मी हात जरा जास्तच ऐटीत पुसले.

"रंग फार झाला नाना," मी म्हटलं. नाना शरमून हसले.

पण पंधरा मिनिटांनी पंप किंचाळायला लागला. आधी बारीक, मग असा की कानात बोटं घालावीत. रोलर जागेवर कण्हायला लागला, स्टिअरिंग दगडासारखं. बंद केला, टाकीचं झाकण उघडून पट्टीनं तेल पाहिलं. तेल भरपूर होतं. पुन्हा सुरू केला, छान चालला. वीस मिनिटांनी पुन्हा तेच.

इथे माझं डोकं फिरलं. मनात गणित मांडून मोकळा झालो : जो माणूस अर्थिंगखाली रंग देतो, त्यानं पंप कधीतरी तेलावाचून चालवला असणार, पंप खलास. गावात फोन एकच, किराणा दुकानात. तिथून शेठना सांगितलं, "तुमच्या ऑपरेटरनं पंप जाळलाय. त्याला मशीनमधलं काही कळत नाही." असंच म्हणालो, याच शब्दांत.

शेठ म्हणाले, "शनिवारी सकाळी मी येतो. तोवर चालला तर ठीक. नाही तर मशीन भंगारात, आणि नानांना धुळ्याच्या गोदामावर राखणीला बसवतो."

नानांना मी शेठचं बोलणं सांगितलं. माझं सांगितलं नाही. त्यांचं गाव याच रस्त्याच्या शेवटी होतं. आयुष्यभर दुसऱ्यांच्या गावचे रस्ते दाबले, आता आपल्या दारापर्यंत रोलर घेऊन जाणार, असं ते येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला सांगत होते. राहिला होता जेमतेम एक किलोमीटर. दुपारी त्यांनी फडकं सोडलं, ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी, वांग्याचं भरीत, मिरचीचा ठेचा, आणि अर्ध्याहून जास्त माझ्यापुढे सरकवलं. मी मुकाट्यानं खाल्लं. भरीत इतकं झकास होतं की थोडी लाजही वाटली.

गुरुवारी पंप काढून गोणपाटात बांधला आणि एसटीनं धुळ्याला नेला. वाटेत तेल झिरपून शेजारच्या माणसाच्या पायजम्याला लागलं, त्यानं माझ्या सात पिढ्या काढल्या. धुळ्याच्या कारागिरानं पंप खोलला, भिंग लावून पाहिला आणि म्हणाला, "मिस्तरी, पंप ठणठणीत आहे. उगीच उचलून आणला."

आता खरं तर तिथूनच शेठच्या घरी जाऊन सांगायला हवं होतं की माझं चुकलं. घर कारागिराच्या दुकानापासून चार गल्ल्यांवर. पण मी गेलो नाही. म्हटलं आधी बिघाड शोधू, मग सांगू. खरी गोष्ट अशी की माझी जीभ उचलेना.

शुक्रवारी पंप बसवला. गाळणी धुतली, नळ्यांचे सांधे आवळले, हवा काढली. पंधरा मिनिटं बरी गेली आणि पंप पुन्हा बोंबलायला लागला. बंद करा, झाकण उघडा, तेल पाहा, सुरू करा, पुन्हा छान. असं चार वेळा झालं. बाया म्हणायला लागल्या की मिस्तरीच्या हाताला गुण आहे, नुसतं झाकणाला हात लावला की मशीन शहाणं होतं. मला तेही खरं वाटायला लागलं होतं. तोंडानं मात्र माझी सरबत्ती चालू होती : सुरत, सील, व्हॉल्व्ह, परदेशी लोकांची अक्कल.

पाचव्यांदा झाकणाला हात घातला तेव्हा नानांनी माझं मनगट धरलं.

"मिस्तरी, जरासा गप ऱ्हाय. तू झाकन उघडस ना, तवय ती आत श्वास लेस."

मी गप्प राहिलो. तीन दिवसांत पहिल्यांदा. झाकण हळू फिरवलं आणि आतून स्पष्ट आवाज आला, स्सस्स, हवा आत ओढल्याचा. मी तोंड बंद ठेवत नव्हतो म्हणून मला तो ऐकू आला नव्हता. टाकीला श्वास घेता येत नव्हता. पंप तेल ओढतो, त्या जागी टाकीत हवा यावी लागते. त्यासाठी टाकीवर एक छोटी टोपी असते, तिच्या कडेला बारीक भोकं असतात. ती टोपी कुठेय म्हणून मी टाकीवर नजर फिरवली आणि माझी नजर मारुतीवर येऊन थांबली.

"नाना, तुम्ही या मशीनचं नाक बुजवलंय," मी ओरडलोच. "शेंदूर फासून फासून बुजवलंय."

बायांच्या पाट्या जागच्या जागी थांबल्या. नानांचा चेहरा पार उतरला. चार वर्षं ते शेंदूर लावत होते तो तिळाच्या तेलात कालवून, तो कधी धड वाळायचा नाही, भोकं कशीबशी उघडी राहायची. या दसऱ्याला रंगातलं जवसाचं तेल उरलं होतं. वाया कशाला घालवायचं म्हणून त्यांनी शेंदूर त्यात कालवला आणि दोन जाड थर दिले. जवसाचं तेल वाळलं की दगड होतो. आणि तीन दिवस रोज सकाळी मी त्याच बिघाडाच्या पाया पडून बिघाड शोधायला सुरुवात करत होतो.

ओरडल्याचं मला लगेच वाईट वाटलं. पण पुढचा प्रश्न त्याहून अवघड होता. मारुती खरवडायचा कुणी? माझा हात उठेना, नानांचा तर नाहीच. शेवटी बायांची मुकादम अक्का डोक्यावरची चुंबळ काढत पुढे आली. म्हणाली, "एवढं काय त्यात? मारुती अंगावरची शेंदराची खोळ टाकतोच. आमच्या गावात दोनदा टाकलीय. नारळ फोडा आणि काढून घ्या."

तोडगा नानांना पटला. त्यांनी हातपाय धुतले, माफी मागितली, आणि रॉकेलच्या बोळ्यानं कडा भिजवून नखानं हळूहळू ती खोळ सोडवली. ती अख्खी निघाली, वाटीसारखी. खालून पितळेची टोपी चमकली. रस्त्याच्या वळणावर लिंबाखाली एक उभा दगड होता, अक्कानं तो धुतला आणि नानांनी खोळ त्याच्यावर बसवली. मी टोपीची भोकं तारेनं मोकळी केली. रोलर अडीच तास न थांबता चालला. पंपाचा आवाज जात्याच्या घरघरीसारखा एकसारखा. त्या दिवशी मला फार आनंद झाला.

संध्याकाळी मी नानांना बाजूला घेतलं. "उद्या शेठ विचारतील. सांगायचं, टोपीत धूळ बसली होती. शेंदराचं नाव काढायचं नाही." नाना नुसते हसले.

शनिवारी शेठ जीपमधून उतरले. रोलर त्यांच्यासमोर पुढे-मागे फिरून आला. "काय झालं होतं?" त्यांनी मला विचारलं. मी "धूळ" म्हणायला तोंड उघडलं, तेवढ्यात नाना खाली उतरले.

"शेठ, मी शेंदूर लावा व्हता. त्यामुळे तिनं नाक बंद व्हयनं. चूक मनी शे."

शेठ टाकीजवळ गेले. पितळेच्या टोपीवरून बोट फिरवलं. त्या बोटाकडे पाहिलं. मग म्हणाले, "नाना, मशीन आणलं त्या दिवशी देव कुठे मांडायचा म्हणून तुम्ही मला विचारलं होतं. ही जागा मी दाखवली. शेंदराचं पहिलं बोट माझंच." आणि गालात हसले. "मग गोदामावर मीच बसू का राखणीला? चढा वर. गाव वाट बघतंय तुमचं."

सगळे हसले. मी हसलो नाही. नानांनी आपली चूक सांगितली, शेठनं आपली सांगितली, आणि या सगळ्याची सुरुवात जिथून झाली ती माझी चूक अजून सांगायची राहिली होती. मी म्हटलं, "शेठ, पंप जळाला म्हणालो ते खोटं होतं. पंप चांगला होता. नानांना मशीन कळत नाही म्हणालो, तर बिघाड त्यांनीच ऐकला. मला ऐकू आला नव्हता."

शेठनं मान हलवली. मी नानांकडे वळलो, म्हटलं, मी फोनवर तुमच्याबद्दल फार वाईट बोललो होतो.

"मले माहीत शे," नाना किल्ली फिरवत म्हणाले. "तू फोनवर बोलना, तवय मी दुकानना बाहेरच उभा व्हतू. तुनी पिशवी धरीसन."

इंजिन सुरू झालं. मला आठवलं, फोन ठेवून मी बाहेर आलो तेव्हा माझी हत्यारांची पिशवी खरंच त्यांच्या हातात होती. त्यानंतर तासाभरातच त्यांनी माझ्यापुढे ती भाकरी सरकवली होती, अर्ध्याहून जास्त. आणि गुरुवारी एसटीत बसण्याआधीही, शुक्रवारीही.

नाना रोलर घेऊन गावाकडे निघाले. मी शेवटपर्यंत त्यांच्या बाजूनं चालत गेलो, आणि त्या एका किलोमीटरभर मी एक शब्द बोललो नाही.