लुएलावहिनीचं थंड विमान

लुएलावहिनीच्या हँगरमध्ये, म्हणजे विमानाच्या शेडमध्ये, चूल पेटवायची नाही, हे आमच्या गावातल्या कुत्र्यांनासुद्धा ठाऊक होतं. मलाही होतं. तरी मी पेटवली!

वहिनी म्हणजे माझ्या थोरल्या भावाची, क्लेमची बायको. युकॉन नदीच्या काठावरच्या आमच्या गावात वीज शाळेपाशी संपायची आणि हँगर होतं धावपट्टीच्या पार पलीकडे. तिथे बारा हिवाळे वहिनीने दोन माणसांचं एक विमान जपलं. उडवायची तीच, दुरुस्तही तीच करायची. कंदील टांगून, हातमोज्यांची बोटं कापून, लोखंडी पाना काखेत धरून आधी गरम करून. विमान उतरलं की इंजिनातलं तेल थिजू नये म्हणून ते गरम असतानाच डब्यात काढून घरी आणायची आणि चुलीमागे ठेवायची. क्लेम कुरकुरायचा, "माझ्या पायांपेक्षा त्या तेलाला जास्त ऊब आहे." ती म्हणायची, "तेल मला कधी उलट बोलत नाही."

एकाहत्तरच्या फेब्रुवारीत क्लेम सापळे लावायला डोंगरातल्या झोपडीवर गेला होता. विमानाने पाऊण तास. तिथे ना फोन, ना रेडिओ. नवरा-बायकोचं ठरलेलं असायचं: अमुक दिवशी दुपारी एकपर्यंत विमान आलं नाही, तर लुएलाचं काहीतरी बिघडलं असं समजून तो गोठलेल्या नदीवरून चालत निघणार. इतकी वर्षं त्यात काही वावगं नव्हतं. पण त्या आठवड्यात लाकडं आणायला गेलेल्यांनी सांगितलं की नदीच्या दुसऱ्या वळणावर नुसता बर्फाचा पापुद्रा आहे, खाली पाणी धावतंय. हे क्लेमला कळणार कसं?

क्लेमला आणायच्या आदल्या दिवशी वहिनी टपाल टाकून उडत्या बर्फातून परत आली. विमान आत ढकललं, चाकांच्या जागी बसवलेल्या, बर्फावर घसरणाऱ्या स्कीची तुटलेली तार उघड्या बोटांनी बदलली आणि संध्याकाळी घरी गेली. तिची सुजलेली बोटं मी पाहिली होती. म्हटलं, सकाळी बिचारीला जरा ऊब मिळू दे. जुन्या मालकाची पिंपाची चूल कोपऱ्यात पडली होती. ती लाकडांनी ठासून भरली, पेटवली आणि स्वतःवर खूश होऊन घरी जाऊन झोपले.

सकाळी पारा उणे चौतीस. चूल कधीच विझलेली. उडण्याआधी वहिनी विमानाचा हलणारा प्रत्येक भाग हाताने हलवून बघायची. शेपटीची आडवी फळी, जी वर-खाली झाली की विमानाचं नाक उचलतं, ती जागची हलेना. वहिनीने बोटाने टकटक केलं, मग चुलीतल्या राखेकडे पाहिलं.

"मर्ना," ती म्हणाली.

"तुझ्यासाठीच केलं गं वहिनी!"

"माहीत आहे. म्हणून तर मारत नाहीये. अगं, थंडीत बर्फ कोरडा राहतो, सकाळी ब्रशने झटकला की गेला. तू त्याचं पाणी केलंस. ते सांध्यांत मुरलं आणि रात्रीत दगड झालं."

"जोर लावून हलवूया?"

"मोडेल. मग बसू दोघी मिळून."

साडेनऊ वाजले होते. तिच्याकडे शेगडी एकच, पत्र्याच्या नळीतून ऊब सोडणारी. ती इंजिनाला दीड-दोन तास लागायचीच. शेपटीला लावली तर इंजिन थंड, इंजिनाला लावली तर शेपटी थंड. सख्ख्या भावाला मी माझ्या हाताने नदीत ढकलत होते. मी भोकाड पसरलं.

"नंतर रड. डोकं चालव!"

रडता रडताच मी म्हटलं, "गरम पाण्याच्या रबरी पिशव्यांनी शेकलं तर?"

वहिनी थबकली. "गावात किती असतील?"

"जितक्या म्हाताऱ्या तितक्या!"

"मग उभी काय? पळ!"

अशी मी जन्मात धावले नाही. अर्ध्या तासात बायका कोटाखाली पिशव्या लपवून हजर, एकूण चौदा. म्हातारी पर्सिस आपली पिशवी देताना म्हणाली, "ही माझी कंबर आहे, समजलीस? सांभाळून शेक." शेगडी इंजिनाला लावून आम्ही शेपटी पिशव्यांनी आणि गोधड्यांनी बाळंतिणीसारखी गुंडाळली. पिशवी गार झाली की शाळेच्या स्वयंपाकघरात पळायचं, भरून आणायची, परत लावायची. वहिनीने फळीखालची पाणी निथळायची छिद्रं दाभणाने मोकळी केली आणि अकरा वाजता पहिला थेंब पडला. मग धारच लागली. पाणी थांबल्यावर दवाखान्यातल्या स्पिरिटने तिने एकेक सांधा पुसला, पुन्हा पुसला.

पावणेबारा. वहिनीने फळीला हात लावला. वर गेली. खाली आली.

बायकांनी असा गलका केला की छपरावरचं हिम खाली आलं. घरून चुलीमागचं तेल मी छातीशी धरून आणलं, तिने ओतलं, विमानाच्या नाकावरचा पंखा हाताने फिरवला. एकदा, दोनदा. तिसऱ्या झटक्याला इंजिन खोकलं आणि धडधडायला लागलं. बारा वाजून आठ मिनिटांनी विमान उडालं. मी घड्याळ बघत होते, देवाचं नाव घेत होते आणि स्वतःला शिव्या देत होते.

बायकांपैकी कुणीच घरी गेलं नाही. दोन वाजत आले तेव्हा पर्सिस म्हणाली, "गप्प बसा गं!" आवाज आला. मग काचेमागे डोकी दिसली. दोन! म्हाताऱ्या-कोताऱ्यांसकट आम्ही सगळ्या बर्फात उड्या मारत होतो.

क्लेम उतरला, मिशांना बर्फ लटकलेला. "पाठीवर बोजा बांधून काठ उतरत होतो," तो म्हणाला, "एवढ्यात हिचा आवाज आला. उशीर का झाला?"

मी कबूल करायला पुढे झाले. वहिनीच बोलली, "शेपटी अडकली होती. मर्नाने सोडवली." आणि माझा हात ओढून तिने त्या फळीवर ठेवला. "हलव."

मी हलवली. एका बोटाने हलत होती, इतकी हलकी. तेव्हा मला जे रडू फुटलं ते थांबेना. आणि माझा भाऊ, माझा जिवंत भाऊ, समोर उभा राहून विचारत होता की जेवायला काय केलंय.